तो ढगाळ आठवडा

प्रिय चिंगे,

पाकीट बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि घरही जागेवर आहे. रोज फोनवर बोलणाऱ्या आईला एकाएकी पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. शेवटपर्यंत वाच म्हणजे कळेल. फक्त मधलं गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग धाकटी मावशी ती गोष्ट सांगायला बसली की तिचा विरस करायचीस. माझं अक्षर लागलं नाही तर जावईबापूंकडून वाचून घे. नाही, नको. तूच वाच.

आधी इकडचं सांगते. शाळा सुरू व्हायच्या आहेत, त्यामुळे गणवेशांचा ढीग पडलाय. ऊन चढलं की मी शिलाई मशीनवर बसते आणि ऊन उतरलं की उठते. इस्त्री भर दुपारी, पाण्याची मोटर त्याच्या आधी, मिक्सर त्याच्याही आधी. तू लावून दिलेली शिस्त अजून मोडलेली नाही. तुझे बाबा म्हणायचे, "तू सूर्याच्या नोकरीला लागलीस. मालक चांगला आहे, सुट्टी क्वचित घेतो." शेजारच्या मास्तरांनीही आता त्यांच्या गच्चीवर आपल्यासारखी सोलर पॅनेल बसवलीत. निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला वह्या नव्हत्या, आता रोज संध्याकाळी मीटर तपासतात आणि कुंपणावरून मला आकडा ओरडून सांगतात. मी माझा सांगितला आणि तो जास्त निघाला की त्यांचा चेहरा पडतो. म्हणून हल्ली मी थोडा कमीच सांगते. कबुतरांना मात्र पॅनेलइतकी आवडती जागा गावात दुसरी नाही. एक दिवसाआड सकाळी वर जाऊन पाणी मारते. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढायचं कारण हवंच असतं माणसाला.

बाबांची खोली मी अजून तशीच ठेवली आहे. खाट आहे, खिडकीजवळची खुर्ची आहे, ऑक्सिजनचं मशीन तेवढं कापड घालून कोपऱ्यात सरकवलंय. परवा ते कापड धुवायला काढलं आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिले. ते मशीन पहिल्यांदा घरात आलं तो दिवस तुला आठवतो का? तू तेव्हा परीक्षेत होतीस, नंतर आलीस. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही घरात कोणी आगाऊ पाहुणा राहायला आलाय. उभं आयुष्य बेकरीच्या भट्टीपुढे गेलं त्यांचं. पहाटे लाकडं आत सारायची आणि धूर छातीत घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, पीठ आणि धूर दोन्ही आत जाऊन बसलेत. बाबा म्हणाले, "मग साखर तेवढी घालायची राहिली." डॉक्टर हसले, मी नाही हसले.

मशीन लागलं आणि माझा जीव विजेच्या तारेला टांगला गेला. जरा वारा सुटला की वीज जायची. दिवा विझला की मी हातातलं टाकून सिलिंडरकडे धावायची, आणि सिलिंडर किती वेळ पुरेल याचा हिशोब करत वीज कंपनीला फोन लावायची. तिकडून कोणी उचलायचं नाही. बाबा नाकातली नळी धरून शांत बसलेले असायचे, मला शांत करायला. एकदा तू फोनवर ऐकलंस माझं रडणं. आणि पुढच्या महिन्यात तुझ्या सोलर कंपनीची माणसं, शिड्या आणि ती मोठाली खोकी घेऊन दारात उभी राहिलीस.

त्या दिवशी बाबांनी खुर्ची अंगणात मांडून घेतली होती. नळी लांब करून दिली तूच. वर तुम्ही काम करत होता आणि खालून ह्यांचे प्रश्न. हे पॅनेल दोन्ही अंगांनी उजेड घेतं म्हणजे काय? खालच्या अंगाला उजेड कुठून येणार? मग तू गच्चीला पांढरा रंग द्यायला लावलास आणि म्हणालीस, "बाबा, गच्चीवर पडलेलं ऊन परत उडून खालून लागतं." बाबा मास्तरांना हाक मारून म्हणाले, "ऐकलंत? माझी पोर सांडलेलंसुद्धा वाया घालवत नाही, बेकरीवाल्याची आहे." जुन्या बॅटऱ्यांसारखं ह्या नव्या बॅटरीत पाणी ओतायला लागत नाही, वास येत नाही, हेही तू समजावलंस. भिंतीलगतच्या त्या बॅटरीच्या कपाटाला बाबांनी 'जावई' नाव ठेवलं. का, तर कोपऱ्यात बसून असतो, खातो, हळूच गुरगुरतो, पण वेळेला धावून येतो. जावईबापूंना हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांग. हसतील.

जाताना तू मला जिन्याखालचा तो लाल दांडा दाखवलास. "आई, आग-बिग लागली तरच हा खाली ओढायचा. सगळं घर बंद होईल. एरवी हात लावायचा नाही." आणि तुझ्या फोनमध्ये तुला इथलं सगळं दिसेल असं म्हणालीस. ऊन किती आलं, बॅटरी किती भरली, घरात किती खर्च झालं. मला ते खरं वाटलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी तुझा फोन, "आई, आज इस्त्री उशिरा केलीस का गं?" तेव्हापासून बाबा, तुला आकडे पाठवणाऱ्या त्या भिंतीवरच्या डब्यासमोरून जाताना थांबायचे आणि त्याला म्हणायचे, "चिंगे, चहा घेतेस का?" मी म्हणायची, तिला आकडे दिसतात, तुम्ही नाही. ते म्हणायचे, किटली लावलेली दिसते ना, मग मी दिसलोच.

तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. तू पाठवलेली ती छोटी विजेची भट्टी महिनाभर खोक्यातच होती. एके दिवशी भर दुपारी, बॅटरी भरून वर ऊन वाया चाललेलं, बाबा म्हणाले, "काढ ते खोकं." स्वतः खुर्चीत बसून मला पीठ मळायला लावलं. मळायला काय, फटकारायला. "असं नाही, तळव्यानं. तू काय काज करतेस का?" इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना पाव करताना कधी पाहिलं नव्हतं, तो कारभार बेकरीतला. पाव भाजायला लागला आणि घरभर तो वास पसरला. बाबा बघत होते. मग म्हणाले, "अगं, धूर कुठे आहे?" मी म्हटलं, विजेवर कसला धूर. त्यांनी भट्टीच्या काचेवर हात ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं धाप लागली. पण धाप नव्हती. म्हणाले, "हे आधी असतं तर..." तो पहिला पाव एका बाजूनं बसका झाला होता. मास्तरांना दिला, ते चांगला म्हणाले. त्यानंतर जवळजवळ रोज दुपारी आम्ही पाव केला. गल्लीतल्या निम्म्या घरांत जायचा. ते सुख तू दिलंस, हे लिहून ठेवते.

मग शेवटचे दिवस. डॉक्टर घरी येऊन गेले, त्या वादळाच्या आदल्या दिवशी. मला बाहेर नेऊन नाही सांगितलं, बाबांसमोरच सांगितलं, कारण बाबांनी तसा हट्ट धरला. म्हणाले, मशीन हवा देतंय, पुरेशी देतंय, पण फुप्फुसं ती घेत नाहीत. आता मोठं मशीन आणलं तरी तेच होणार, दवाखान्यात नेलं तरी तेच. हातात थोडे दिवस आहेत. ते गेल्यावर बाबांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. मग म्हणाले, "चिंगीला मी सांगतो. रविवारी निवांत बोलेल, तेव्हा. तू सांगशील तर रडशील आणि ती गाडीत बसताबसता आणखी एक यंत्र घेऊन येईल." मी बरं म्हटलं. रविवार उजाडायच्या आत वादळ आलं.

खांब पडले, तारा तुटल्या, रस्ता खचला. वारा थांबला तरी आभाळ काही उघडेना. तो आठवडा तुझ्याही लक्षात आहे. पहिले दोन दिवस तुझा फोन लागत होता, तुटत होता. "आई, फ्रिज बंद कर. आई, पंखा नको. फक्त मशीन ठेव." मी सगळं केलं. फ्रिज रिकामा केला, शिलाई मशीनवर पलंगपोस घातला, भट्टीची पिनसुद्धा काढून ठेवली. मग फोनही गेले. ढग असले तरी पॅनेलमधून थोडी थोडी वीज येत होती, तू सांगितलं होतंस तसंच. मी भुरभुर पावसात वर जाऊन पॅनेलवरचा पाचोळा काढायची. बाबा खालून ओरडायचे, म्हणजे ओरडायचा प्रयत्न करायचे, "उतर, पडशील! मग माझ्याकडे कोण बघणार, तुझा जावई?" दुपारी अर्धा तास जरा उजळायचं तेव्हा आम्ही दोघं त्या डब्यावरचा आकडा चढताना बघत बसायचो. बाबांची झोप वाढत चालली होती. जागे असले की तुझंच बोलणं. तू शाळेत असताना गच्चीवर आरशाचा तुकडा धरून मास्तरांच्या डोळ्यांवर उजेड मारायचीस, त्याबद्दल मास्तरांनी कान धरून आणलं होतं तुला. बाबा म्हणाले, "तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, ही पोर उन्हाचाच धंदा करणार."

आता नीट वाच, चिंगे. इथून पुढचं हळू वाच.

त्या सकाळी उजाडत होतं. मी त्यांच्याजवळच बसले होते. मशीन चालू होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता, नळीतून हवा येत होती. मी बोटाला लावून पाहिली, कारण त्यांचा श्वास मला वेगळा वाटत होता. ते यंत्र हवा कमी पडली की कोकलतं, तू मला ऐकवला होतास तो आवाज. त्या आठवड्यात ते एकदाही कोकललं नाही. बॅटरीचा आकडा खाली आला होता, अगदी खाली, पण संपला नव्हता. बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, ओळखून बघितलं. माझा हात त्यांच्या हातात होता. मग एक श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. मी वाट पाहिली. एवढंच झालं. धडपड नाही, घुसमट नाही. दमलेला माणूस पाठ टेकतो तसे गेले.

आणि मशीन चालूच राहिलं. फुस्स, फुस्स. ती हवा कोणाला देत होतं ते? मी त्यांच्या नाकातली नळी काढली तरी ते थांबेना. मला त्याचं बटण सापडेना, चिंगे. रोज लावायची मी ते, रोज पुसायची, आणि त्या वेळी बटण कुठे आहे हेच आठवेना. कानावर हात ठेवून बसले, तरी ऐकू येत होतं. मग मी उठले, जिन्याखाली गेले आणि तुझा तो लाल दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. सगळं बंद झालं. डबा, बॅटरी, मशीन, सगळं. घर एकदम गप्प झालं. मग परत येऊन त्यांच्याजवळ बसले. किती वेळ, माहीत नाही. मास्तर दूध आलं का विचारायला आले तेव्हा त्यांना कळलं.

माणसं जमली. अंधारून आलं तेव्हा दिव्यासाठी मास्तरांनीच तो दांडा परत वर केला. त्यांनी ते तेव्हा मला सांगितलं नाही, मीही कोणाला काही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा होऊन तू पोचलीस तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. बॅटरी भरत होती. तू आलीस ती आधी बाबांच्या खोलीत गेलीस, मग भिंतीवरच्या त्या डब्यासमोर जाऊन उभी राहिलीस, आणि मला एकच प्रश्न विचारलास, "आई, मशीन कधी बंद झालं?" मी म्हटलं, "उजाडताना." खरं तेच सांगितलं मी. त्या उत्तराचा तू काय अर्थ घेतलास, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझा चेहरा दगडासारखा झाला, तो मला बाप गेल्याचा वाटला. तू रडली नाहीस म्हणून मीही नाही रडले. म्हटलं, पोर धीरानं उभी आहे, आपण कोसळायला नको. त्यांना पोचवून आलो, पाहुणे गेले, तूही गेलीस. तेव्हापासून रोज फोन करतेस. जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. बाबांचं नाव काढलं की कोणीतरी दारात आलंय म्हणतेस.

मागच्या आठवड्यात जावईबापूंचा फोन आला. तुझ्या नकळत केला, त्यांच्यावर रागावू नकोस. म्हणाले, "आई, त्या डब्यानं मागाहून पाठवलेली त्या दिवसाची बॅटरीची रेघ ती अजून फोनमध्ये काढून बघत बसते. आकडा खाली खाली येतो आणि उजाडताना रेघ तुटते. ती म्हणते, मी बसवलेली बॅटरी संपली आणि बाबा गुदमरले. एक बॅटरी जास्त लावली असती तर राहिले असते." ते पुढे म्हणाले, की तू गच्च्यांवर जाणं सोडलंस, टेबलावरचं काम मागून घेतलंस. आणि डोंगरावरच्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम आलं होतं, जिथे वीज गेली की बायकांना टॉर्चच्या उजेडात सोडवतात, ते तू नाही म्हणून परत पाठवलंस. "माझ्या हातचं काम दवाखान्याला नको," असं म्हणालीस. हे ऐकून मी मास्तरांकडे गेले, तेव्हा दांड्याचं त्यांनी सांगितलं. मग सिलिंडरच्या दुकानात गेले. आपलं राखीव सिलिंडर त्या गडबडीत मास्तरांनी परत करून टाकलं होतं ना? दुकानदार म्हणाला, बाई, ते जसं नेलं तसंच आलं होतं, सीलसुद्धा तुटलं नव्हतं. तुटेल कसं? उघडायची वेळच आली नाही.

फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरं, आई" म्हणून ठेवून दिलं असतंस, आणि मनात म्हणाली असतीस, आई मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. मी तुझी समजूत काढायला लिहीत नाहीये. मी त्या खोलीत होते आणि तू नव्हतीस, म्हणून जे झालं ते सांगतेय. ती रेघ मी तोडली, माझ्या हातानं, आणि तोडली तेव्हा तुझे बाबा गेलेले होते. तुझी वीज त्यांना शेवटच्या श्वासापर्यंत पुरली. त्या डोंगरावरच्या लोकांना कळव, की येते. आणि त्याच्या आधी इकडे ये, दोन दिवस, एकटी. चिंगे, तुझे बाबा गेल्यापासून मी कोणाजवळ रडलेले नाही. मास्तरांसमोर काय रडणार? तू येशील तेव्हा रडू, म्हणून थांबले आहे. आता फार थांबवत नाही.

तुझीच,
आई